परक्या हाती चालेल असे काम

इ. स. 2004 च्या सुमारास अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ऑस्टिन येथील विद्यापीठाचे काही विद्यार्थी एका विलक्षण संकल्पाने भारले गेले होते. जीवाणूंचा दाट थर पसरावा, त्यावर प्रकाशाची आकृती पाडावी आणि त्या थरानेच छायाचित्र काढून द्यावे, असा तो संकल्प होता. आकृती पाडण्याचे यंत्र त्यांनी स्वतः सिद्ध केले. परंतु ज्याच्या भरवशावर हा सारा प्रयोग उभा राहावयाचा, तो आपल्या आतड्यांत नांदणारा ई. कोलाय नावाचा जीवाणू तांबड्या प्रकाशाच्या बाबतीत आंधळा असतो. त्याची दखल घेणारे प्रथिनच त्याच्यापाशी नाही. तशी दृष्टी त्याला देण्याची खटपट त्याच काळात, तेथून शेकडो कोसांवर, सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात ख्रिस्तोफर व्हॉइट यांच्या प्रयोगशाळेत चालली होती. सिनेकोसिस्टिस या नीलहरित जीवाणूतील प्रकाशग्राही भाग ई. कोलायच्या स्वतःच्या एका संवेदक प्रथिनाला त्यांनी अशा बेताने जोडला की, अंधारात काळे रंगद्रव्य तयार व्हावे आणि तांबडा प्रकाश पडताच ते थांबावे. एकाजवळ यंत्र व कल्पना, दुसऱ्याजवळ डोळस जीवाणू. दोघांच्या मेळातून जी छायाचित्रे उमटली त्यांत एका चौरस इंचात सुमारे 10 कोटी बिंदू मावत होते, आणि त्यांचा वृत्तांत नोव्हेंबर 2005 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकाने छापला.

या हकिकतीत यशाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, लक्ष देण्याजोगी गोष्ट म्हणजे ते यश शक्य झाले त्याची पद्धत. विद्यार्थ्यांचे दोन गट एकमेकांस साहाय्य करतात तेव्हा त्यामागे केवळ सद्भाव असतो असे आपण समजतो, आणि सद्भाव असतोही. परंतु जीवशास्त्रासारख्या चंचल द्रव्याशी व्यवहार असलेल्या शास्त्रात एकट्या सद्भावाने काहीही साधत नाही. माझे काम माझ्या अनुपस्थितीत, माझ्या प्रयोगशाळेपासून दूर, ज्याने माझे नावही ऐकलेले नाही अशा माणसाच्या हाती चालले पाहिजे, ही जी कठोर अट आहे ती पाळल्यावाचून सहकार्य हा शब्द समारंभापुरताच उरतो. संश्लेषी जीवशास्त्रातील विद्यार्थी-संघांचा गेल्या दोन दशकांचा इतिहास म्हणजे ही अट हळूहळू, चुका करीत व त्या निस्तरीत, शिकून घेण्याचा इतिहास आहे.

संश्लेषी जीवशास्त्र म्हणजे जनुकांचे ज्ञात तुकडे नव्या रचनेत गुंफून सजीव पेशीकडून पूर्वनियोजित कार्य करवून घेण्याचे शास्त्र. त्याचा पाया घालणाऱ्यांत टॉम नाइट व रँडी रेटबर्ग हे संगणकविद्येतून आलेले होते, तर ड्रू एंडी यांचे पहिले शिक्षण स्थापत्य अभियांत्रिकीचे होते. त्यामुळे पेशीकडे पाहताना त्यांच्या मनात प्रथम आला तो प्रश्न अभियंत्याचा होता, की इतर सर्व यंत्रविद्यांत सुटे भाग जसे प्रमाणित असतात तसे येथे का नसावेत? मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे जानेवारी 2003 मध्ये त्यांनी एक छोटा अभ्यासक्रम चालविला आणि पेशी लुकलुकत राहील अशी रचना करण्याचे काम विद्यार्थ्यांस दिले. पुढल्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्याची स्पर्धा झाली, तेव्हा अवघे 5 संघ होते. 2005 साली ते 13 झाले व त्यांत अमेरिकेबाहेरचे संघही आले; 2019 साली ही संख्या 353 वर गेली. ‘आयजेम’ या नावाने ही स्पर्धा आज जगभर ओळखली जाते. 2012 साली तिचा कारभार मूळ संस्थेपासून वेगळ्या प्रतिष्ठानाकडे गेला, आणि बॉस्टन येथे वर्षानुवर्षे भरणारे तिचे वार्षिक संमेलन, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तोंडची ‘जॅम्बोरी’, 2022 पासून पॅरिसला भरू लागले.

स्पर्धा आणि सहकार्य ही एका छपराखाली कशी नांदावीत, या शंकेचे उत्तर टॉम नाइट यांनी 2003 साली मांडलेल्या ‘बायोब्रिक’ या प्रमाणात आहे. त्याची युक्ती थोडी सविस्तर समजून घेण्याजोगी आहे. डीएनएच्या प्रत्येक सुट्या भागाच्या आरंभी इको-आर-वन आणि एक्सबा-वन या दोन एन्झाइमांनी कापावयाच्या जागा ठेवावयाच्या, आणि शेवटी स्पे-वन व पीएसटी-वन यांच्या. एक्सबा-वन व स्पे-वन ही एन्झाइमे निरनिराळ्या जागा ओळखतात. परंतु कापल्यावर उरणारी त्यांची चार अक्षरी टोके मात्र एकसारखी असतात, आणि म्हणून एका भागाचा शेवट दुसऱ्या भागाच्या आरंभाशी बिनतक्रार जुळतो. जुळल्यावर जो आठ अक्षरांचा सांधा बनतो, तो या दोहोंपैकी एकाही एन्झाइमला पुन्हा ओळखता येत नाही, त्यामुळे झालेली जोड पुढच्या कापाकापीत सुटत नाही. आणि जोडून तयार झालेल्या नव्या, मोठ्या भागाच्या दोन्ही टोकांस पुन्हा त्याच चार जागा शाबूत राहतात. म्हणजे जोडलेल्या वस्तूचा दर्जा मूळ सुट्या भागासारखाच राहतो व तीच क्रिया कितीही वेळा करता येते. अट एवढीच की, भागाच्या पोटात या जागा कोठेही येता कामा नयेत. पुण्यात तयार झालेला भाग झुरिचमधल्या भागाशी, दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी आधी एका शब्दाचीही बोलाचाली न करता, जोडता यावा, ही किमया या साध्या नियमात आहे.

फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटपुढे विल्यम सेलर्स यांनी 1864 साली स्क्रूच्या आट्यांसाठी एकच प्रमाण असावे असे प्रतिपादन केले होते, त्याचे स्मरण या शास्त्राचे प्रवर्तक वारंवार करून देतात, ते याच कारणाने. तथापि प्रमाण ठरविले म्हणजे ते दगडावरची रेघ झाली असे नव्हे. नाइट यांच्या आठ अक्षरी सांध्यात एक मोठी उणीव होती. प्रथिनाचा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचला जातो. आठास तिनाने भाग जात नाही, आणि म्हणून दोन प्रथिनखंड सलग जोडू पाहणाऱ्याचे पुढले सारे वाचन बिघडून जाई. ही अडचण ओळखून जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील संघाने 2007 साली एक सुधारित प्रमाण सुचविले, ज्यात सांधा सहा अक्षरांचा असून त्यातून फक्त दोन निरुपद्रवी अमिनो आम्ले प्रथिनात शिरतात. जुन्या चारही जागा कायम ठेवून त्यांच्या आत या संघाने नव्या जागा बसविल्या, त्यामुळे ज्यांनी जुन्या पद्धतीने काम केले होते त्यांचे श्रम वाया गेले नाहीत. सुधारणा करावी, पण पूर्वसूरींच्या कामाशी नाते तोडून नव्हे, हा विवेक पंचविशीच्या आतील मुलांनी दाखविला याचे मला मनःपूर्वक कौतुक वाटते.

असे जे भाग तयार होतात त्यांचे एक दफ्तर ठेवण्यात आले आहे. ‘रजिस्ट्री ऑफ स्टँडर्ड बायॉलॉजिकल पार्ट्स’ या नावाच्या या दफ्तरात वीस हजारांहून अधिक नोंदी असून प्रत्येक भागास स्वतंत्र क्रमांक, त्याचा अनुक्रम, त्याचे कार्य आणि त्याच्या वापराचा अनुभव अशी माहिती नमूद करण्याचा शिरस्ता आहे. बर्कली येथे 2006 साली तयार झालेली, जे-231 या आकड्यांनी आरंभ होणाऱ्या क्रमांकांची, प्रवर्तकांची म्हणजे पुढील जनुक किती जोराने चालावे हे ठरविणाऱ्या डीएनए-खंडांची मालिका, किंवा जेलीफिशपासून मिळालेल्या हिरव्या चकाकत्या प्रथिनाचे जनुक, हे भाग तर इतक्या संघांच्या हातांखालून गेले आहेत की त्यांचे क्रमांक विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. हे भाग संघांकडे टपालाने जातात, तेही बर्फाच्या पेटीत नव्हे. प्रत्येक भाग प्लाझ्मिडात, म्हणजे डीएनएच्या लहान वर्तुळाकार रेणूत, बसविलेला असतो. हे रेणू 384 बारीक खळग्यांच्या प्लास्टिकच्या तबकडीत वाळवून घातलेले असतात. खळग्यात 10 मायक्रोलीटर शुद्ध पाणी सोडले की मिसळलेल्या रंगामुळे ते लाल दिसते, आणि त्या लाल थेंबातील डीएनए जीवाणूत शिरवून विद्यार्थी आपले काम सुरू करतात. दुसऱ्या कोणी काही वर्षांपूर्वी केलेले काम असे हातांत पडते, आणि ज्याचे ऋण घेतले त्याचे तोंडही न पाहता ऋणको आपल्या मार्गाला लागतो.

या दफ्तरातील सर्वच नोंदी पुऱ्या व विश्वसनीय आहेत असे मानण्याचे कारण नाही. अनेक भागांची पुरेशी तपासणी झालेली नसते, ही तक्रार या शास्त्राच्या अडचणींचा आढावा घेणाऱ्या ‘नेचर’मधील 2010 च्या लेखातही ठळकपणे आली होती. उन्हाळ्याच्या मुदतीत धावपळ करून भाग जमा करावयाचा आणि त्याची नोंद दोन ओळींत आटोपावयाची, असे घडत आले आहे. म्हणूनच जेथे नोंद चोख ठेवली गेली तेथे काय घडते, याचे एक उदाहरण द्यावेसे वाटते. केंब्रिजच्या 2007 सालच्या संघाने जीवाणूतील मंद संकेत वाढविणाऱ्या जनुकीय रचनांवर काम केले होते. त्याच विद्यापीठाच्या 2009 सालच्या संघाने, म्हणजे सर्वस्वी नव्या विद्यार्थ्यांनी, त्या रचना बाहेर काढल्या, त्यांची नव्याने पारख केली, 15 ‘संवेदनक्षमता-नियंत्रक’ सिद्ध केले आणि त्यांना जांभळ्या, नारिंगी, तांबड्या, तपकिरी अशा रंगद्रव्यांची जोड दिली. प्रदूषक द्रव्याचे प्रमाण किती, हे जीवाणूच्या रंगावरून नुसत्या डोळ्यांनी कळावे, हा त्यामागचा हेतू होता, आणि त्या वर्षीचा सर्वोच्च मान त्यांना मिळाला. सहकार्य हे नेहमी समकालीनांतच होते असे नाही. पूर्वीच्या संघाने आपल्या उत्तराधिकाऱ्यांसाठी स्वच्छ लिहून ठेवणे, हे त्याचे अधिक उदात्त रूप आहे.

भाग जुळले आणि नोंदीही झाल्या, तरी एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे: दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी बोलतात काय? हिरव्या चकाकत्या प्रथिनाने पेशी किती उजळली, हे मोजण्याचे यंत्र जो आकडा दाखविते त्यास स्वतःचे असे एकक नसते. एका बनावटीच्या यंत्रावर जे 300 ते दुसऱ्यावर 20,000 असू शकते. द्रवात जीवाणू किती आहेत, हे त्यातून पार होणाऱ्या प्रकाशावरून अजमावण्याची जी रूढ रीत आहे, तीही यंत्रागणिक निरनिराळे उत्तर देते. आपल्याकडे मेट्रिक मापे कायद्याने येण्यापूर्वी, एका पेठेचा शेर दुसऱ्या पेठेच्या शेराशी जुळत नसताना, धान्याच्या भावाची तुलना जितकी निरर्थक होती, तितकीच या आकड्यांची तुलना निरर्थक होती.

या गोंधळातून वाट काढण्यासाठी 2014 पासून आयजेमने ‘इंटरलॅब’ नावाचा सामुदायिक अभ्यास हाती घेतला, आणि विद्यार्थ्यांच्या स्पर्धेस शास्त्राच्या इतिहासात कायमची जागा मिळवून देणारे कार्य म्हणून मी याचाच उल्लेख करीन. प्रबळ, मध्यम आणि दुर्बळ असे तीन प्रवर्तक घ्यावयाचे, प्रत्येकामागे त्याच चकाकत्या प्रथिनाचे जनुक ठेवावयाचे, आणि जगभरच्या संघांनी आपापल्या प्रयोगशाळेत मोजमाप करून आकडे पाठवावयाचे, अशी ही साधी योजना होती. 2014 व 2015 या दोन वर्षांत 88 संस्थांतून आलेले आकडे तपासता असे दिसले की निरपेक्ष मूल्य सांगता येणारे संघ फारच थोडे आहेत. म्हणून दोन प्रवर्तकांच्या बळाचे गुणोत्तर तेवढे तुलनेस घेतले गेले. त्यांतल्या त्यांत प्रबळ अशा दोन प्रवर्तकांच्या गुणोत्तरात प्रमाण विचलन 1.54 पट निघाले. सर्वांत प्रबळ व सर्वांत दुर्बळ यांच्या गुणोत्तरात मात्र ते 5.75 पटींवर गेले. जीवाणूचा वाण बदलल्याने गुणोत्तरात फरक पडत नव्हता, यंत्र बदलल्याने पडत होता. ज्याचे खापर आजवर सजीवांच्या लहरीपणावर फोडले जात होते, त्यातला मोठा हिस्सा आपल्याच मोजणीचा आहे, हा निष्कर्ष जितका नम्र करणारा, तितकाच आशा देणारा होता.

कारण मोजणीचा दोष सुधारता येतो. 2018 साली 244 प्रयोगशाळांनी मिळून पेशींची संख्या ठरविण्याच्या तीन पद्धती पडताळून पाहिल्या. त्यांत सरस ठरली ती जीवाणूच्याच आकारमानाच्या सिलिकाच्या सूक्ष्म गोळ्यांची: ज्यांची संख्या ठाऊक आहे अशा गोळ्या पाण्यात टप्प्याटप्प्याने विरळ करीत न्यावयाच्या, प्रत्येक टप्प्यावर यंत्र काय सांगते ते टिपावयाचे, आणि त्यावरून त्या यंत्राचे आकडे पेशींच्या संख्येत बदलून घ्यावयाचे. या पद्धतीत 95.5 टक्के मोजमापांतील चूक 1.2 पटींच्या आत राहिली. प्रकाशाच्या मोजणीसाठी फ्लुओरेसीन या रंजकाचा असाच आधार घेता, साधे प्लेट-रीडर यंत्र आणि एकेक पेशी स्वतंत्रपणे मोजणारे महागडे फ्लो सायटोमीटर यांच्या उत्तरांत सरासरी अवघा 1.07 पट फरक उरला. गोळ्यांची एक कुपी आणि रंजकाची एक चिमूट एवढ्या सामग्रीवर गरीब व श्रीमंत प्रयोगशाळा एका पंक्तीस येऊन बसल्या, ही गोष्ट शास्त्रीय दृष्टीने मोलाची आहेच. सामाजिक न्यायाच्या दृष्टीनेही ती थोर आहे. एकही संघ एकट्याने हे करू शकला नसता, कितीही बुद्धिमान असता तरी. ज्ञानच असे होते की ते अनेकांच्या आकड्यांतूनच निपजावे.

हे सर्व आपोआप झाले नाही, त्यासाठी तरतुदी कराव्या लागल्या. आयजेममध्ये सुवर्ण, रौप्य, कांस्य ही पदके परस्परांवर मात करून मिळत नाहीत. ठरलेल्या कसोट्यांस जो जो संघ उतरेल त्या प्रत्येकास ती मिळतात, आणि दुसऱ्या संस्थेच्या संघास भरीव साहाय्य करणे ही त्यांतली एक कसोटी अनेक वर्षे राहिली. या नियमाचा हेतू निःसंशय चांगला होता. परंतु पदकासाठी केलेले साहाय्य पुष्कळदा वरवरचे होई. प्रश्नावल्या पाठवाव्यात, त्या भरून घ्याव्यात, संयुक्त छायाचित्र काढावे आणि सहकार्य झाल्याचे जाहीर करावे, असा प्रकार बोकाळला, म्हणून पुढे दोन संघांची भागीदारी दीर्घकाळची व दोघांच्याही कामास पुढे नेणारी असावी असा आग्रह धरण्यात आला. खरे साहाय्य ओळखण्याची खूण माझ्या मते एकच आहे: ते साहाय्य वगळले असता दोघांपैकी एकाचे तरी काम अडले असते काय? एकाने बनविलेला भाग दुसऱ्याने आपल्या यंत्रावर स्वतंत्रपणे तपासला, गणिती प्रतिमान जाणणाऱ्या संघाने प्रयोग जाणणाऱ्या संघाचे आकडे सोडवून दिले, तर उत्तर होकारार्थी येते. सदर साहाय्याची नोंद करण्याची पद्धतही येथे सक्तीची आहे; कोणते काम विद्यार्थ्यांनी केले, कोणते मार्गदर्शकांनी, कोणते परक्या संघाने, हे प्रत्येक संघास लेखी जाहीर करावे लागते. श्रेयाचा हिशेब चोख असला म्हणजे मन मोकळे करून देता येते; तो धूसर असला म्हणजे देणाऱ्याचा हात आखडतो.

भारताचा या चळवळीशी संबंध पुष्कळ जुना आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचा संघ 2006 सालीच उतरला होता, आणि 2009 साली त्याच शहरातील सृष्टी या कला-संस्थेच्या विद्यार्थ्यांनी, जीवशास्त्राचे रीतसर शिक्षण नसताना, पहिल्या पावसानंतर मातीला येणाऱ्या गंधाचे द्रव्य, जिओस्मिन, ई. कोलायकडून तयार करविण्याचा प्रकल्प हाती घेतला. कलावंत व शास्त्रज्ञ यांच्यातील हे सहकार्य आयजेमच्या इतिहासात उल्लेखनीय मानले जाते. महाराष्ट्रातून पुण्याची आयसर आणि मुंबईची आयसीटी या संस्थांचे संघ उतरलेले आहेत, आणि देशातील संघांनी स्पर्धेपूर्वी एकत्र येऊन परस्परांचे प्रकल्प तपासण्याचे अखिल भारतीय मेळावेही भरविले आहेत. आपल्या संघांसाठी अशा मेळाव्यांचे महत्त्व दुहेरी आहे. जनुकीय फेरफार केलेल्या जीवाणूंची निर्मिती, वापर, आयात, निर्यात व साठवण यांसंबंधीचे 1989 चे नियम, पर्यावरण संरक्षण कायद्यान्वये केलेले, येथे लागू आहेत. संस्थेची जैवसुरक्षा समिती असावी लागते व तिच्या देखरेखीखाली काम चालावे लागते. जो संघ एकदा या वाटेने गेला आहे त्याने आपले अर्ज, आपल्या कार्यपद्धती आणि सुरक्षेची आपली टिपणे नव्या संघापुढे ठेवली, तर ते साहाय्य एखाद्या प्लाझ्मिडच्या देणगीहून कमी मोलाचे नाही. सुरक्षेची शिस्त हीही देवाणघेवाणीची वस्तू आहे, आणि ज्या शास्त्रात सजीवांना नवे गुण दिले जातात तेथे ती सर्वांत प्रथम दिली-घेतली गेली पाहिजे.

आपल्या महाविद्यालयांत प्रयोगाची वही परीक्षकापुरती लिहिली जाते. तिच्यातील आकडे अपेक्षित उत्तराशी जुळविलेले असतात, आणि सही झाल्यावर ती वही कोणी उघडून पाहत नाही. याउलट या विद्यार्थी-संघांच्या व्यवहाराने दाखवून दिले आहे की ज्या क्षणी ती वही दुसऱ्या कोणा विद्यार्थ्यासाठी लिहिली जाते, जो तिच्यावर विसंबून आपला उन्हाळा खर्च करणार आहे, त्या क्षणी तिचे स्वरूप पालटते: खोटा आकडा लिहिणे अशक्य होते, फसलेला प्रयोगही नमूद करावासा वाटतो, आणि तापमान, वेळ, यंत्राची बनावट हे क्षुल्लक वाटणारे तपशील जबाबदारीचे विषय होतात. यासाठी परदेशातील संमेलनास जाण्याची, मोठ्या खर्चाची किंवा पदकांची गरज नाही. एकाच जिल्ह्यातील दोन महाविद्यालयांनी तोच साधा प्रयोग आपापल्या यंत्रांवर करावा, आकडे अदलाबदल करून पाहावेत, ते का जुळले नाहीत याचा शोध घ्यावा आणि जुळेपर्यंत सोडू नये. शास्त्रातील सहकार्याचे शिक्षण याहून अल्प खर्चात व याहून खऱ्या अर्थाने देता येईल असे मला वाटत नाही, आणि ते देण्यास आपल्या विद्यापीठांनी यापुढे विलंब लावू नये.